संकटकाळातील शासकीय निवेदन : सांगणे आणि न सांगणे

५.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण कार्यालयीन मराठीची परिपत्रक, अधिसूचना, ज्ञापन, प्रसिद्धिपत्रक ही रूपे पाहिली. ती कशी लिहावीत, हा तेथील प्रश्न होता. प्रस्तुत घटकातील प्रश्न निराळा आहे. पूर, साथ, दुष्काळ, स्फोट किंवा युद्ध असे संकट कोसळले असता ज्यांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध असतो, त्यांनाच नेमकी माहिती उशिरा किंवा अपुरी मिळते, आणि कित्येकदा मुळीच मिळत नाही. निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या राज्यपद्धतींत हे घडलेले आहे. असे का घडते? आणि घडते तेव्हा निवेदनाच्या भाषेवरून ते कसे ओळखावे? या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे एकत्र करणार आहोत, कारण माझ्या मते ते वेगळे काढता येत नाहीत.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी ग्रामपंचायतीत, कोणी आरोग्य केंद्रात, कोणी पोलीस ठाण्यात काम करीत असाल. म्हणजे अशी निवेदने आपण केवळ वाचीत नाही; प्रसंगी लिहिता, फलकावर डकवता, ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवता. पुढील विवेचन वाचताना ही दुसरी भूमिकाही मनात असू द्यावी.

५.२ पाच वाक्यांचे निवेदन

२६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर प्रिप्यात हे त्याच केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी वसवलेले शहर होते. त्याची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास होती. तो शनिवार होता. मुले शाळेत गेली, दुकाने उघडली, माणसे आपापल्या व्यवहाराला लागली. आग लागल्याचे पुष्कळांना ठाऊक होते. पण आपण श्वासावाटे काय आत घेत आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नाही. शहर रिकामे करण्यास प्रारंभ झाला तो २७ एप्रिलच्या दुपारी दोन वाजता, म्हणजे सुमारे ३६ तासांनी.

बाहेरच्या जगाला ही वार्ता मॉस्कोने कळवली नाही. ती वाऱ्याने कळवली. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांवर किरणोत्सारी कण आढळले. प्रथम त्यांना आपल्याच केंद्रात गळती झाली असावी असे वाटले. शोध घेता कण बाहेरून, आग्नेयेकडून आल्याचे ध्यानात आले. स्वीडनने विचारणा सुरू केल्यानंतर त्याच रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीवर एक निवेदन वाचण्यात आले. त्याचा आशय असा : चेर्नोबिल अणुवीज केंद्रात अपघात झाला आहे. एका अणुभट्टीची हानी झाली आहे. अपघाताचे परिणाम दूर करण्यासाठी उपाययोजना केली जात आहे. बाधितांना साहाय्य दिले जात आहे. शासकीय आयोग नेमण्यात आला आहे.

एवढेच. पाच लहान वाक्ये. ती वाचण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. यातले एकही वाक्य खोटे नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. अपघात झालाच होता, आयोग नेमला गेलाच होता. तरीही हे निवेदन ऐकणाऱ्या आईला उद्या मुलाला दूध द्यावे की न द्यावे हे कळण्यास त्यात काहीही आधार नव्हता. अपघात कधी झाला ते नाही, किरणोत्साराचा उल्लेख नाही, अंतर नाही, आकडा नाही, सूचना नाही.

दुधाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. स्फोटातून बाहेर पडलेल्या द्रव्यांत आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन होते. ते गवतावर पडते, गाईच्या दुधात उतरते आणि लहान मुलांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीत साठते. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे असते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत ताजे दूध टाळले आणि साध्या आयोडीनच्या गोळ्या वेळेवर दिल्या, तर मोठी हानी टळू शकते. शेजारच्या पोलंडला मॉस्कोकडून काही कळले नव्हते. परंतु स्वतःच्या मापनांवरून त्या देशाने २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजले. तेथेही साम्यवादीच राजवट होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उलट युक्रेन, बेलारूस व रशियाच्या बाधित प्रदेशांतील कित्येक खेड्यांत मुले नेहमीप्रमाणे दूध पीत राहिली. पुढे त्या पिढीत अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण आढळले. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कीव्ह शहरात १ मे रोजी कामगार दिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे पार पडले. राष्ट्राचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह या विषयावर दूरचित्रवाणीवरून बोलले ते १४ मे रोजी.

५.३ कर्ता कोठे गेला?

आता त्या पाच वाक्यांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. पहिल्या दोन वाक्यांत 'होणे' हे अकर्मक क्रियापद आहे. लहान मूल 'मी पेला फोडला' असे न म्हणता 'पेला फुटला' असे म्हणते, तेव्हा तेही हीच युक्ती वापरते. क्रिया घडते, ती कोणी केली नाही, अशी वाक्याची मांडणी होते. पुढील तीन वाक्यांत उपाययोजना 'केली जात आहे', साहाय्य 'दिले जात आहे', आयोग 'नेमण्यात आला आहे'. मूळ रशियन निवेदनातही ही वाक्ये कर्त्याचा उल्लेख टाळणाऱ्या रचनांचीच आहेत. मराठी भाषांतराने तो दोष आणलेला नाही. पाच वाक्यांत एकही माणूस काही करीत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळदा कर्मणी प्रयोगाला सरसकट दोष दिला जातो. मराठीत ते बरोबर नाही. 'सरकारने आयोग नेमला' हा कर्मणी प्रयोगच आहे आणि त्यात कर्ता प्रथमेत नसला तरी तृतीयेच्या प्रत्ययासह ठळकपणे उभा आहे. आपल्या जुन्या कर्मणीत कर्ता सहसा लपत नाही. तो लपवायचा तर 'जाणे' या साहाय्यक क्रियापदाची रचना किंवा '-ण्यात येणे' ही कार्यालयीन घडण लागते. 'कळविण्यात येते की', 'दक्षता घेण्यात येत आहे', 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल'. घरात कोणी 'स्वयंपाक करण्यात आला आहे' असे म्हणत नाही. ही घडण कार्यालयाचीच आहे, आणि सामान्य काळात ती निरुपद्रवीही असते. अधिकारी बदलला तरी आदेश टिकतो, हे दाखवण्यासाठी तिचा उपयोग आहे. प्रश्न येतो तो 'कोणी?' या शब्दाच्या उत्तरावर लोकांचे जीवित अवलंबून असते तेव्हा.

याच प्रसंगातील दुसरे निवेदन तुलनेला घेऊ. २७ एप्रिलला प्रिप्यातमध्ये ध्वनिक्षेपकावरून जी सूचना वाचली गेली, तिच्यात कर्ता होता. नगर परिषद कळवीत आहे, असे तीत स्पष्ट म्हटले होते. धोक्याला तिने 'प्रतिकूल किरणोत्सारी परिस्थिती' असे गुळगुळीत नाव दिले खरे, आणि स्थलांतर तात्पुरते असल्याचेही सांगितले (लोक पुन्हा तेथे कधीच राहण्यास गेले नाहीत). परंतु पुढची वाक्ये पाहावीत. कागदपत्रे घ्या, खाण्याचे पदार्थ घ्या, खिडक्या लावा, गॅस आणि पाणी बंद करा, दोन वाजता बस येईल. सगळी आज्ञार्थी, थेट आणि कृती सांगणारी. त्याच व्यवस्थेची, त्याच आठवड्यातील ही भाषा. शासनाला लोकांकडून काही करवून घ्यायचे असले की त्याची वाक्ये सरळ होतात. म्हणजे स्पष्ट लिहिण्याची क्षमता शासनापाशी असतेच. कोणत्या वेळी ती वापरली जात नाही, हे पाहणे आपले काम आहे.

एका संपर्कसत्रात मी हा मुद्दा सांगत असताना पाणीपुरवठ्याच्या कामाशी संबंधित एका विद्यार्थ्याने हात वर केला. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे 'टँकर येणार नाही' असं लिहीत नाहीत. 'पाणीपुरवठा अनियमित राहील' असं लिहितात." वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. 'अनियमित' वाचून बायका हंडे घेऊन दिवसभर थांबतात, 'येणार नाही' वाचले असते तर विहिरीकडे गेल्या असत्या, असे तो पुढे म्हणाला. या घटकाचे सार मला त्याच्याइतके नेमके सांगता आलेले नाही.

५.४ 'घबराट पसरू नये म्हणून'

माहिती रोखण्याचे समर्थन करताना शासन बहुधा एकच कारण देते : घबराट पसरू नये. हे कारण तपासून घेतले पाहिजे. आपत्तींतील मानवी वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांचा निष्कर्ष असा होता, की सामूहिक घबराट ही आपण समजतो त्यापेक्षा फारच विरळ असते. संकटात माणसे बहुधा शेजाऱ्याला उठवतात, मुलाबाळांना शोधतात, जखमींना उचलतात. सैरावैरा धावणारा जमाव चित्रपटांत अधिक आढळतो.

मग भीती कोणाची असते? माझ्या मते ती बऱ्याच अंशी वरिष्ठांची असते. चेर्नोबिलच्या रात्री केंद्रातून वर कळवलेला किरणोत्साराचा आकडा ताशी ३.६ रॉन्टजेन असा होता. हा आकडा आला कोठून? हाताशी असलेल्या मापकांची कमाल मर्यादाच तेवढी होती. काटा टोकाला टेकला होता. प्रत्यक्ष प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. परंतु 'मापक अपुरा पडला' असे कळवण्यापेक्षा '३.६' असे कळवणे सोपे होते, आणि वरच्यांनाही तोच आकडा ऐकायचा होता. लोकांपासून माहिती दडवली जाण्यापूर्वी ती व्यवस्थेच्या आतच दडवली जाते. कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाला, तो त्याच्या वरिष्ठाला वाईट वार्ता सौम्य करून देतो. प्रत्येक पायरीवर एखादे विशेषण गळते, एखादा 'काही प्रमाणात' येऊन चिकटतो. शेवटी जे निवेदन बाहेर पडते ते लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा पूर्ण सत्य ठाऊक नसते. म्हणून 'सरकारने लपवले' हे आपले नेहमीचे वाक्यही थोडे ढोबळच आहे. लपवणाऱ्यांची एक साखळी असते, आणि तिच्यातल्या प्रत्येकाला वाटते की आपण फक्त शब्द बदलला.

काही माहिती रोखणे योग्य असते, हेही मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी कमांडो कोठे उतरत आहेत हे वाहिन्यांनी थेट दाखवले आणि हल्लेखोरांचे सीमेपलीकडील सूत्रधार ते पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. तेथे माहितीचा लाभ केवळ हल्लेखोरांना होता. घरात बसलेल्या नागरिकाला ती नसल्याने काहीच गमवावे लागत नव्हते.

त्याच मुंबईतील चौसष्ट वर्षांपूर्वीची घटना याच कसोटीवर घासून पाहावी. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावण्याची रीत होती. युद्धकाळ असल्याने ते लावले गेले नव्हते. आग लक्षात आल्यापासून पहिला स्फोट होईपर्यंत सुमारे दोन तास गेले, आणि शेजारी काम करणाऱ्या बहुतेकांना त्या जहाजाच्या पोटात काय आहे याची कल्पना नव्हती. चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. त्यांचे हादरे शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

सेन्सॉरने ही वार्ता रोखली. सविस्तर वृत्तान्त छापण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. कारण अर्थात 'शत्रूला कळू नये' हे होते. परंतु जपानच्या नियंत्रणाखालील सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच, दुसऱ्याच दिवशी, स्फोटाची बातमी देऊन टाकली होती! ज्याच्यापासून लपवायचे त्याला ठाऊक, आणि ज्याचे घर जळाले त्याच्या वृत्तपत्राला मात्र लिहिण्यास मनाई. अशा पोकळीत अफवा वाढतात, आणि मग 'जनतेने अफवांवर विश्वास ठेवू नये' असे निवेदन निघते. या वाक्याची घडण पाहावी : त्यात निषेध आहे, पण ज्यावर विश्वास ठेवावा अशी वस्तू त्यात नाही.

५.५ नाव न देणे

माहिती रोखण्याचा आणखी एक मार्ग असा की आकडे द्यायचे, छायाचित्रेही छापू द्यायची, परंतु संकटाला त्याचे नाव द्यायचे नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख मानला. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. तरीही प्रांतात अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला नाही. कारण भाषिक नव्हते, प्रशासकीय होते. दुष्काळ संहितेनुसार तो शब्द उच्चारला की ठरलेले शिधावाटप आणि मदतकार्य बंधनकारक होते, आणि तेवढे धान्य सरकार देऊ शकत नव्हते किंवा देऊ इच्छीत नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी भुकेने मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे दिल्लीत आणि लंडनमध्ये या संकटाची चर्चा टाळणे अशक्य झाले. हा दुष्काळ लहानपणी पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी पुढे मांडले, की जेथे वृत्तपत्रे मुक्त आणि सरकार निवडणुकीला बांधील असते, तेथे मोठे दुष्काळ पडत नाहीत.

शब्द आणि जबाबदारी यांची ही गाठ आपल्या राज्यातही दिसते. महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला आणि त्याच्या जागी 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असल्यामुळे तशा दुष्काळास आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. शब्द कायद्याने वगळला जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला भाषाविज्ञानाच्या वर्गात देता आलेले नाही. मात्र न्यायाने बोलायचे तर पुढील अनुभव एकेरी नाही. १९७२-७३ च्या भीषण अवर्षणात याच राज्याने प्रचंड प्रमाणावर रोजगाराची कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, आणि बंगालसारखा संहार टळला. लोकांनी त्या वर्षाला दुष्काळच म्हटले, आजही म्हणतात. म्हणजे सौम्य शब्द वापरला म्हणून सरकारने जबाबदारी झटकलीच, असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. शब्दाबरोबर काय दिले गेले आणि काय नाकारले गेले, ते पाहावे लागते. २०१५ च्या हंगामात हजारो गावांसाठी 'दुष्काळसदृश परिस्थिती' हा शब्दप्रयोग झाला, आणि मे २०१६ मध्ये त्याऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे असे ठरले. या 'सदृश' या तीन अक्षरांवर काय अवलंबून होते, हे आपल्यापैकी शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

५.६ कायद्याची बाजू

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. गुप्तता हा नियम आणि प्रकटन हा अपवाद, ही पहिल्याची वृत्ती दुसऱ्याने उलटी केली. आपल्या विषयापुरते दोन तरतुदींकडे लक्ष वेधतो. कलम ४ अन्वये शासकीय यंत्रणेने काही माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करावयाची असते. आणि कलम ७ मध्ये म्हटले आहे, की मागितलेली माहिती व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती ४८ तासांच्या आत दिली पाहिजे. चांगली तरतूद आहे. प्रिप्यातच्या रहिवाशांना बस ३६ तासांनी आली होती, हेही येथे आठवते. संकटात अर्ज करण्याइतका अवधी नसतो. म्हणून फलकावरील पहिल्या निवेदनाचे महत्त्व कोणत्याही कायद्याने कमी होत नाही.

५.७ स्वाध्याय

१. 'पेला फुटला', 'मी पेला फोडला' आणि 'पेला फोडण्यात आला' या तीन वाक्यांतील कर्त्याचे स्थान स्पष्ट करून चेर्नोबिलविषयीच्या पाच वाक्यांचे वर्गीकरण करा.

२. २००८ आणि १९४४ या मुंबईतील दोन घटनांत माहिती रोखण्याचे समर्थन कोणत्या कसोटीवर टिकते आणि कोणत्या कसोटीवर टिकत नाही, ते सुमारे २०० शब्दांत लिहा.

३. आपल्या गावातील किंवा प्रभागातील पूर, साथ अथवा पाणीटंचाई यांविषयीची एखादी जुनी शासकीय सूचना मिळवा. ती वहीत उतरवून घ्या. नंतर तीच सूचना कर्ता, तारीख, ठिकाण, आकडा आणि 'लोकांनी काय करावे' या पाच गोष्टी घालून पुन्हा लिहा. ज्या ठिकाणी माहितीच उपलब्ध नसल्याने आपल्याला लिहिता आले नाही, ती जागा तशीच रिकामी ठेवा आणि वही संपर्कसत्राला घेऊन या. चर्चा आपण त्या रिकाम्या जागांवर करू.